कड्यावरची रिंगणी

उंच डोंगराच्या पायथ्याला एक वाडी होती. तिथे धुळा नावाचा मेंढपाळ आणि त्याची बायको ठकू राहत. ठकूला दमा होता. थंडी पडली की तिला श्वास पुरत नसे.

डोंगराच्या कड्यावर रिंगणीची एक दुर्मिळ जात उगवायची. जांभळी फुलं, पानांवरही काटे. तिची हिरवी फळं विषारी. पण पिकून पिवळी झालेल्या फळांचा काढा घेतला की ठकूला आराम पडायचा. झाड थोडीच वर्षं जगायचं. माणसाने पेरलेलं बी रुजत नसे. बुलबुलांनी फळं खाऊन बी कपारीत टाकलं, तरच नवं रोप यायचं. वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

एका वर्षी दुष्काळ पडला आणि कड्यावर रिंगणीचं एकच झाड उरलं. फळं पिकू लागली तसे बुलबुल आले. धुळाने मासे धरायचं जुनं जाळं वर नेलं आणि अख्खं झाड झाकून टाकलं.

ठकू म्हणाली, "अहो, थोडी फळं पाखरांना राहू द्या."

"आणि तुला कमी पडली तर?"

"मी भागवीन. पण पुढच्या साली काय करायचं?"

"पुढचं पुढे बघू. तुला धाप लागते ना, तेव्हा माझाच जीव जातो."



तो हिवाळा सुखाचा गेला. पुढच्या वर्षी झाड वाळलं. धुळाने कपारीन् कपारी धुंडाळली. कुठेही रोप नव्हतं.

थंडीत ठकूचा दमा बळावला. तिला छातीशी धरून धुळा रडला. "तुझं औषध मीच संपवलं गं."

"माझ्यासाठीच केलंत," ती म्हणाली. आणखी काही बोलायचं होतं, पण श्वास पुरला नाही. संक्रांतीच्या आत ती गेली.

पुढे एक दिवस डोंगरापलीकडची एक बाई कडेवर लेक घेऊन आली. पोरीला धाप लागली होती.

"दादा, कड्यावरच्या रिंगणीची फळं मिळतील का?"

धुळाला तिच्याकडे बघवेना. "नाहीत, ताई. शेवटचं झाड होतं. पाखरांना त्याची फळं मी खाऊ दिली नाहीत."

बाईला काही कळलं नाही. तिने पोरीला सावरलं आणि ती आल्या वाटेने परत निघाली. पोरीची धाप बराच वेळ ऐकू येत होती.

तात्पर्य एवढंच: आपल्या माणसासाठी घेतानाही इतरांचा वाटा ठेवावा, उद्याचं त्यातूनच उगवतं.