बाळाच्या रक्तातली आई

"मग औषध आजच सुरू करू ना, मॅडम?" शिकाऊ डॉक्टर निनादने विचारलं.

डॉ. केळुसकर टेबलावरच्या बाळाकडे पाहत होत्या. दोन महिन्यांचं बाळ. डोळ्यांभोवती लाल कडी उमटलेली.

"कशाचं औषध?"

"ल्युपसचं." त्याने रिपोर्ट पुढे केला. "शरीर स्वतःवरच उलटतं तेव्हा दिसणारी प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात आहेत. अँटी-रो, भरपूर. कुणालाच सुचलं नव्हतं. मीच तपासायला लावलं."

"छान केलंस. हृदयाचा आलेख?"

"काढला. ठोके व्यवस्थित आहेत."

"मग मोठी भीती टळली."

बाळाची आई, शीतल, बाकावर मान खाली घालून बसली होती. दिवस असताना नको ते काय खाल्लंस, असं सासरी सगळे तिला विचारून चुकले होते.

मॅडमनी बाळ उचललं आणि निनादच्या हातात दिलं.

"धर."

"मी?... पण मॅडम..."

त्या शीतलशेजारी जाऊन बसल्या. तिचा हात हातात घेऊन बोटांचे सांधे हळूच दाबू लागल्या. शीतल कळवळली.

"सकाळी मूठ वळते?"

"नाही... बाळंतपणामुळे असेल."

"पाय सुजतात?"

"संध्याकाळी."

"कुणाला बोललीस?"

"कुणी विचारलंच नाही, डॉक्टर."

बाळ कुरकुरलं, तसा निनाद त्याला झुलवू लागला. मग थांबला.

"मॅडम... ही प्रतिपिंडं हिची? नाळेतून गेलेली?"

"हो. बाळाकडे पाहुणी आहेत ती. काही महिन्यांत जातील. तोवर त्याला उन्हात नेऊ नका, एवढंच."

शीतलचे डोळे भरून आले. "म्हणजे माझ्यामुळेच..."

"अगं, त्याच्यामुळे तू सापडलीस."

त्याच दिवशी तिचं रक्त आणि लघवी तपासायला गेली. ल्युपस निघाला. मूत्रपिंडाला नुकती कुठे सूज येऊ लागली होती. उपचार वेळेवर सुरू झाले आणि सूज उतरली. बाळाची कडीही हळूहळू पुसट होत गेली.

काही महिन्यांनी बाळाचा नवा रिपोर्ट आला, तेव्हा त्यात ती प्रतिपिंडं उरली नव्हती. निनाद तो घेऊन मॅडमच्या खोलीत आला. बराच वेळ दारातच घुटमळला.

"मॅडम, त्या दिवशी माझं निदान चुकलं."

"छे," मॅडम म्हणाल्या. "निदान बरोबर होतं. माणूस चुकला."