दोन भोपळ्यांचा व्यापारी

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा शेळ्या बोलायच्या, पण माणसं ऐकायची नाहीत. म्हणून पुढे शेळ्यांनी बोलणं सोडून दिलं.

तर त्या काळी समुद्रकाठच्या एका राज्यात सातासमुद्रापलीकडून एक गोरा व्यापारी आला. डोक्यावर पांढऱ्या केसांचा खोटा टोप आणि टोपावर भुरभुरलेलं गव्हाचं पीठ. त्याच्या देशात मोठी माणसं पीठ डोक्यावर घालत. उरलंच तर गरीब खात.

हा व्यापारी माणसं विकायचा. दूरच्या गावांतून माणसं पकडायची, जहाजाच्या तळाशी कोंबायची आणि बंदरातल्या दगडी ओट्यावर उभी करून विकायची. मग त्यातूनच धर्मशाळा बांधायची. लोक त्याला दानशूर म्हणत. धर्मशाळा खरंच छान होती.

धंद्याचे नियम त्यानंच ठरवले होते. ओट्यावर जो उभा, तो माल. मालाचे दंड बघायचे, दात बघायचे, तोंडाकडे बघायचं नाही. माल काहीही बोलला तरी ऐकायचं नाही. ढोल वाजला की सौदा पक्का, तो राजालाही मोडता येणार नाही. आणि गुलामाचं जे जे काही असेल, ते सगळं त्याच्या धन्याचं.

एके दिवशी ओट्यावर एक बाई आणि तिची लेक उभी होती. बाई मासेमारीची जाळी विणणारी. दोघींना वेगवेगळी गिऱ्हाइकं मिळणार, हे तिला कळून चुकलं होतं. तिनं लेकीचा हात घट्ट धरला होता.

ओट्यावर बोली पुकारून ढोल वाजवणाऱ्या ढोलवाल्यानं पोरीच्या गळ्यातली मण्यांची माळ काढून घेतली.

"अहो, ती माझ्या आईची आहे!" बाई म्हणाली.

"गुलामाचं सगळं धन्याचं," ढोलवाला म्हणाला. "नियम आहे. माझ्यावर चिडू नका, मी फक्त ढोल वाजवतो."

तेवढ्यात खाली एक घोटाळा झाला. भोपळे विकणाऱ्या एका म्हातारीची शेळी व्यापाऱ्याच्या मागे उभी होती. तिला पिठाचा वास आला. तिनं टोप ओढला आणि ओट्यावर जाऊन खायला लागली.

"टोप! माझा टोप!" करत व्यापारी तिच्यामागे ओट्यावर चढला. टक्कल उन्हात चमकत होतं.

ढोलवाल्यानं त्याचे दंड दाबले. "नवीन माल! जरा मऊ आहे, पण खाऊन-पिऊन सुखी आहे! बोला!"

"अरे गाढवा, मी तुझा मालक आहे!"

"सगळे असंच काहीतरी म्हणतात," ढोलवाला शांतपणे म्हणाला. "काल एक जण म्हणत होता, मी वैद्य आहे. परवाचा म्हणाला, मला घरी चार लेकरं आहेत. मालकांनी सांगितलंय, ऐकायचं नाही. बोला मंडळी, बोला!"

कोणीच बोली लावली नाही.

"फुकट दिला तरी नको," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "खाईल किती!"

जाळीवाल्या बाईनं व्यापाऱ्याला केव्हाच ओळखलं होतं. जहाजावर तो टोप काढूनच ओरडायचा. ती हळूच म्हणाली, "खाली उतरा हो बाबा. तुम्हाला कोण घेतंय!"

झालं! इथं दुसरा कोणी असता तर निमूट उतरला असता. पण हा हाडाचा व्यापारी. माल पडून राहिला, हे त्याला सहनच होईना.

"मला कोण घेतंय म्हणजे?" तो तडकला. "दात बघा माझे! एकही किडलेला नाही!"

भोपळेवाली कंटाळली होती. "एक भोपळा देते," ती म्हणाली. "पण त्याला गप्प बसवा."

"एक?" व्यापारी लालबुंद झाला. "अहो म्हातारबाई, लाज वाटते का? निदान दोन तरी द्या!"

"बरं बाबा, घे दोन."

ढोल वाजला.

शेळीनं उरलेला टोप थुंकला. ढोलवाल्यानं तो उचलून व्यापाऱ्याच्या डोक्यावर धरून पाहिला आणि त्याच्या हातातली टिपरी खाली पडली.

"अरे बापरे! मालक!"

"सौदा मोड! आत्ताच्या आत्ता मोड!"

"राजालाही मोडता येत नाही, मालक. तुम्हीच म्हणाला होता."

आता जाळीवाली बाई पुढे आली. "भोपळेवाल्या मावशी, गुलामाचं सगळं धन्याचं ना? मग याची जहाजं आता कोणाची? आणि आम्ही कोणाचे?"

म्हातारीनं ओट्यावरच्या सगळ्यांकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्या ओट्यावर असं पहिल्यांदाच घडत होतं.

"माझ्या झोपडीत एवढी माणसं मावायची नाहीत," ती म्हणाली. "आणि मावली असती तरी, कुणाची आई विकत घ्यायची असते का? जहाजं घ्या आणि जा आपापल्या घरी. ए ढोलवाल्या, पोरीची माळ दे आधी."

पोरीनं माळ घातली. बाईनं अजूनही तिचा हात सोडला नव्हता, पण आता घट्ट धरला नव्हता.

व्यापारी पुटपुटला, "आणि मी?"

"तूही सुटलास. मी काय व्यापारी आहे?"

त्यालाही घरी जायचं होतं. जाळीवाली बाई म्हणाली, "चला की. वाटेत सोडू. पण जागा फक्त तळाशी आहे."

व्यापारी तळाशी उतरला. डोकं आपटलं. पाय पसरता येईनात. श्वास घेववेना. तो धडपडत वर आला आणि ओरडला, "अहो, इथं माणूस कसा राहील?"

सगळं जहाज त्याच्याकडे बघत राहिलं. काठावरून शेळी म्हणाली, "हेच तर तळातली माणसं रोज ओरडत होती."

मग लोकांनी सरकून त्याला वर जागा करून दिली, कारण ती माणसं होती. तो मान खाली घालून बसला आणि पुन्हा कधी टोप घातला नाही. बंदरातल्या ओट्यावर अजूनही भोपळे वाळत घालतात. ढोलवाला आता लग्नात वाजवतो, आणि बरा वाजवतो.

तात्पर्य: माणसाला किंमत लावू नये, लावली की एक दिवस आपलीही निघते.