मुदपाकखान्याचा निवाडा

सोनगिरीच्या राजाचा मुदपाकखाना चालतो तरी कशाने, हे शोधायला तीन पंडित महिनाभर तिथे बसले होते. आता भर दरबारात त्यांची जुंपली होती.

"हा रहाट आहे," धर्माजीपंत म्हणाले. "नियमाने फिरतो. चिठ्ठीवाचून दाणा हलत नाही."

"रहाट कसला? जिवंत शरीर आहे," त्र्यंबकशास्त्री म्हणाले. "एक हात अडला की दुसरा आपणहून धावतो."

"आखाडा आहे आखाडा," केशवभट उसळले. "वरचे दाबतात, खालचे डाव टाकतात."

ताक वाढणारी ठकू खुदकन हसली आणि राजाने ते पाहिलं. राजा मोठा हट्टी.

"हसतेस? मग उद्या जेवणाआधी तूच उत्तर दे. तिघांनीही ते मान्य केलं पाहिजे. नाहीतर चाकरी सोड."

ठकूची बारा वर्षांची चाकरी पणाला लागली होती, आणि हे तिघे तर एकमेकांचा नमस्कारही मान्य करत नव्हते! पण महिनाभर त्यांना ताक तिनेच नेऊन दिलं होतं. कोण कुठे बसायचा, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

सकाळी तिने तिघांचे पाट हलवले. कोठीच्या दारातल्या धर्माजीपंतांना तिने मोरीपाशी बसवलं, चुलीजवळच्या त्र्यंबकशास्त्रींना कोठीच्या दारात, आणि मोरीवरच्या केशवभटांना चुलीजवळ.

दुपारी तिघे ताटावर बसलेल्या राजापुढे आले.

"आचारी ओरडला, म्हणून भांडी घासणाऱ्या बायांनी त्याचा झारा मुद्दाम लपवला," धर्माजीपंत पुटपुटले. "आखाडाच म्हणायचा."

"चिठ्ठी नव्हती, तर कोठावळ्याने मला चिमूटभर मीठ दिलं नाही," त्र्यंबकशास्त्री म्हणाले.

केशवभट खाली बघत म्हणाले, "आचाऱ्याला ठसका लागला. कोणी न सांगता तिघांनी कढई सांभाळली."

"सरकार, तिघांचंही खरं होतं," ठकू म्हणाली, "पण बसल्या जागेपुरतं."

तिघांनी निमूटपणे माना डोलावल्या.

राजाला ते पटेना. "सगळेच खरे? ही पळवाट झाली. महिनाभर हे भांडले कशाला? माझा मुदपाकखाना उत्तम आहे, एवढं मला इथे बसूनही कळतं."

"कळणारच, सरकार," ठकू हात जोडून म्हणाली. "तुमच्या जागेवरून नुसतं ताट दिसतं."

राजाने पुढ्यातल्या ताटाकडे पाहिलं, मग ठकूकडे, आणि तो असा खदखदून हसला की त्याला ठसका लागला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने तिला दिलं, मुदपाकखान्याची कारभारीण म्हणून तिचं नाव पुकारलं आणि म्हणाला,

"कारभारणीबाई, उद्या माझा पाट मोरीपाशी मांडा."