नदीला परत दिलेलं कुरण

ज्या काळी नद्यांवर पूल नव्हते आणि नव्या नवऱ्या नावेत बसून सासरी जात, त्या काळची ही गोष्ट.

एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. नदी आणि गाव यांच्यामध्ये एक सखल कुरण होतं. पूर्वजांनी मातीचा बांध घालून ते नदीपासून तोडलं होतं. पण दर दोन-तीन वर्षांनी पूर यायचा, बांध फुटायचा आणि पाण्याचा लोंढा थेट घरांत घुसायचा. एका वर्षी तर अकरा वासरं वाहून गेली. गावात दोन दिवस चूल पेटली नाही.

पाटलांनी गाव जमवलं. येसाजी गवंडी उठून म्हणाला, "मातीचं काम कच्चंच. दोन पुरुष उंच दगडी भिंत बांधू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात म्हशी राखणारी म्हाळसाआक्का बोलली, "पाटील, मी जन्मभर या नदीच्या काठानं हिंडले. वर रानात दलदल आहे, झाडोरा आहे. तिथं पूरसुद्धा हळू चालतो. आपण तिची जागा अडवली म्हणून ती धावत येते. बांध काढा. कुरण तिला परत द्या. तिथं वाळुंजाची झाडं लावू, करंज लावू, लव्हाळा वाढू देऊ."

लोक खो खो हसले. "चोराला आपणच दार उघडायचं होय?" कुणीतरी ओरडलं.

येसाजी म्हणाला, "आक्का, भिंत डोळ्यांना दिसते. गवत काय राखण करणार?"

पाटलांनी विचार केला. भिंतीचा दगड आणायलाच तीन वर्षं लागणार होती. "तोवर आक्काचं करून पाहू," ते म्हणाले. "कुरणाला लागून माझं शेत आहे, तेही सोडलं."

बांध निघाला. कुरणात पाणी साचलं आणि कुरकुर सुरू झाली. साप निघतील, डास होतील, गुरं चरायची कुठं?

आक्का कुणावर चिडली नाही. "तुमची भीती खोटी नाही," ती म्हणायची, आणि कामाला लागायची. डासांच्या अळ्या खाणारे मासे तिनं डबक्यांत सोडले. गावाकडच्या कडेचं गवत कापून मोकळी वाट ठेवली. गुरांना चारा कापून द्यायची पाळी लावली आणि पहिली पाळी स्वतः घेतली.

हळूहळू कुरण भरलं. बदकं आली. बायका लव्हाळ्याच्या चटया विणू लागल्या. म्हातारे संध्याकाळी तिकडे फिरायला जाऊ लागले आणि कोणता पक्षी कोणता यावरून भांडू लागले. येसाजी मात्र तिकडे फिरकला नाही.

तिसऱ्या वर्षी श्रावणात आभाळ फाटलं. सकाळीच नदी फुगली. लोक लेकरंबाळं घेऊन देवळाच्या टेकाडावर चढले आणि तिथून कुरणाकडे पाहू लागले.

पाणी कुरणात शिरलं, पसरलं, झाडांच्या बुंध्यांतून वाट काढताना मंदावलं. गावाच्या वेशीशी आलं, सगळ्यात खालच्या दोन घरांत घोट्याएवढं चढलं आणि थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते ओसरलं. एकही भिंत पडली नव्हती. एकही वासरू गेलं नव्हतं.

कुणीतरी ढोल काढला. बायकांनी चिखलातच फेर धरला. पाटील धोतर खोचून नाचले आणि दोनदा घसरून पडले!

येसाजी आक्काजवळ आला. "मी पाण्याला अडवायचंच शिकलो," तो हळूच म्हणाला. "त्याला टेकायला जागा लागते, हे कधी मनातच आलं नाही. आता माझ्या हातांना काम नाही."

"वेडा की काय!" आक्का म्हणाली. "त्या दोन घरांची जोती कोण उंच करणार? तिथं लव्हाळा चालत नाही. तिथं तुझाच दगड हवा."

येसाजी मोकळेपणानं हसला आणि फेरात शिरला. दिवाळीच्या आत दोन्ही घरं उंच जोत्यांवर उभी राहिली. भिंतीची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. पुढच्या पावसाळ्याआधी नदीकाठच्या पाच गावांचे लोक वाळुंजाची रोपं मागायला आले, आणि त्यांना ती खणून द्यायला सगळं गाव आनंदानं कुरणात उतरलं.

तात्पर्य : निसर्गाला त्याची जागा दिली आणि माणसांची भीती ऐकून घेतली, तर दोघंही मिळून गाव राखतात.