निंबाजीचा शब्द

ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका. यातल्या दोन्ही राज्यांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत. एक राज्य होतं डोंगरावर आणि दुसरं खाली समुद्राकाठी. दोघांच्या मधून एक नदी वाहायची. वरच्या राज्यात नाचणी पिकायची, खालच्या राज्यात मीठ. वरचे लोक खालच्यांना लबाड म्हणायचे, खालचे वरच्यांना अडाणी म्हणायचे. पण मिठाच्या गोण्या लादलेले बैल मात्र दरसाल घाट चढून यायचे.

वरच्या राजाने निंबाजी नावाच्या एका तरुणाला आपला दूत म्हणून खालच्या दरबारात नेमलं. तिथे राहायचं, आपल्या राजाचं म्हणणं तिकडे सांगायचं, तिकडचं म्हणणं इकडे कळवायचं आणि कुरबुर झाली तर ती वाढू द्यायची नाही, एवढंच ते काम. ऐकायला सोपं वाटतं, नाही का?

पहिल्याच दिवशी फजिती झाली. राजाच्या पंक्तीत ताटात मासा आला. डोंगरातल्या निंबाजीने समुद्राचा मासा कधी खाल्ला नव्हता. त्याने आपला मोठा घास घेतला आणि काटा घशात अडकला. डोळ्यांत पाणी आलं, तोंड लाल झालं. दरबारी खुसुखुसू हसू लागले. खालचा राजाही तरुणच होता. तो पाटावरून उठला, भाताचा गोळा करून निंबाजीच्या हातात दिला आणि म्हणाला, "गिळा. चावू नका, नुसता गिळा."

काटा उतरला. राजाने विचारलं, "काय हो दूत, आवडला का आमचा मासा?"

निंबाजी म्हणाला, "महाराज, खरं सांगू का? मासा कसा लागतो ते कळलंच नाही. पण भात फार चांगला होता."

राजा पोट धरून हसला. त्या दिवसापासून निंबाजी त्याला आवडू लागला.

निंबाजीने लग्न केलं आणि बायकोला, गिरजेला, तो खालीच घेऊन आला. त्यांची मुलं तिथेच वाळूत खेळून मोठी झाली. निंबाजी कोळ्यांच्या लग्नांना जायचा, मिठागरांवर जाऊन बसायचा, कुणी गेलं तर खांदा द्यायचा. आई वारली तेव्हा मात्र तो गावी वेळेवर पोचू शकला नाही. ती सल त्याच्या मनात कायम राहिली. गावी गेला की लोक म्हणायचे, "हा खालचाच झाला." खाली आला की लोक म्हणायचे, "काही झालं तरी हा वरचा." तो कधी उदास झाला की गिरजा म्हणायची, "अहो, दोन्हीकडची माणसं आपल्याला नावं ठेवतात, म्हणजे दोन्हीकडे आपली आठवण निघते की!"

निंबाजीची एक रीत होती. तो सगळंच सांगायचा नाही, पण जे सांगायचा ते खरं असायचं. आपल्या राज्याचं गुपित कुणी विचारलं तर तो हात जोडून म्हणायचा, "हे मला सांगता येणार नाही." खालचा राजा कधी चिडायचा, कधी हसायचा, पण निंबाजीच्या तोंडून खोटं त्याने कधी ऐकलं नाही. सारीपाट खेळता खेळता दोघांचे केस पांढरे झाले.

मग वरचा राजा वारला. त्याचा मुलगा गादीवर आला. हा मुलगा लहानपणी निंबाजीच्या खांद्यावर बसून आंबे तोडायचा. पण आता तो राजा होता आणि उतावळा होता. त्याच वर्षी नदीच्या उताराजवळ, म्हणजे जिथून पायी नदी ओलांडता येते तिथे, वरच्या शिपायांनी मीठ घेऊन येणाऱ्या खालच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला मारहाण केली. खालचा राजा संतापला. त्याने मिठाची वाटच बंद केली.

वरच्या राज्यात घराघरांत अळणी जेवण सुरू झालं. पोरं ताटावरून उठून जाऊ लागली. गुरं भिंती चाटू लागली.

तरुण राजाने निंबाजीला वर बोलावून घेतलं. गिरजाही बरोबर आली. "नदी ओलांडून आपण मिठागरंच ताब्यात घेणार आहोत. आपलं सैन्य जमतंय ते देवीच्या जत्रेसाठी, असं तुम्ही खाली जाऊन सांगा. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. ते बेसावध राहतील."

निंबाजी म्हणाला, "महाराज, शिपायांच्या वतीने मला त्या व्यापाऱ्याची माफी मागू द्या. वाट उघडेल."

"राजा माफी मागत नसतो. सांगतो तेवढं करा."

"हे मला जमणार नाही, महाराज. मी खोटं एकदाच बोलू शकेन. त्यानंतर तिथे माझं खरंही कुणी ऐकणार नाही. लढाई आज ना उद्या थांबवावी लागेल. तेव्हा तुमचं म्हणणं सांगायला कुणाला पाठवाल?"

"तुम्ही मीठ कुणाचं खाता, निंबाजी?" राजा ओरडला.

निंबाजी खाली मान घालून म्हणाला, "तुमचंच. म्हणून तुमचा बेत माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. पण खोटंही मी बोलणार नाही."

राजाने त्याची दूताची मोहर काढून घेतली आणि त्याला त्याच्या गावी घरात बसवून दारावर पहारा ठेवला. खाली नवा दूत गेला. तो गोड बोलणारा होता. त्याने जत्रेची गोष्ट झकास रंगवून सांगितली.

खालच्या राजाने सगळं ऐकलं आणि विचारलं, "निंबाजी का नाही आला?"

"तापाने अंथरुणावर आहेत, महाराज."

राजाचा चेहरा उतरला. जत्रेचं पुढे त्याने काही विचारलंच नाही. "माझ्या वैद्याला घेऊन जा," तो म्हणाला. "या वयात ताप बरा नव्हे."

आता नवा दूत नाही कसं म्हणणार? वैद्य डोंगर चढून निंबाजीच्या घरी आला. त्याने नाडी पाहिली. अंग थंडगार होतं. त्याने विचारलं, "निंबाजी, तुम्हाला होतंय तरी काय?"

निंबाजीने पहारेकऱ्यांकडे पाहिलं, वैद्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "वैद्यबुवा, हे मला सांगता येणार नाही."

वैद्याने परत जाऊन जसंच्या तसं सांगितलं. खालच्या राजाने ओळखलं, निंबाजीला ताप नाही, आणि हे उत्तर तो फक्त आपल्या राज्याचं गुपित विचारलं तरच देतो. मग त्याने सेनापतीला बोलावून सैन्य नदीवर पाठवलं.

वरचं सैन्य उताराशी आलं तेव्हा समोरचा काठ भाल्यांनी भरलेला होता. दोन्ही सैन्यं अडकली. तरुण राजाने नव्या दूताकरवी निरोप दिला, "आम्ही माघारी जातो, पाठलाग करू नका." खालचे म्हणाले, "हीसुद्धा जत्राच असेल." खालच्यांनी निरोप दिला, "तुम्ही जा, आम्ही हलणार नाही." वरच्यांना तेही पटेना. पाठ फिरवली की वार होईल, ही भीती दोन्हीकडे. शिपाई उन्हात उभे राहून थकले. कुणाचा तरी एक दगड निसटून पाण्यात पडला असता, तरी कत्तल सुरू झाली असती.

तेव्हा तरुण राजा पायी चालत निंबाजीच्या दारी आला. निंबाजी ओसरीवर गिरजेबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता.

"काका," राजा म्हणाला, "आम्हाला माघारी जायचंय, पण आमचा शब्द तिकडे कुणी मानत नाही."

गिरजेने त्याला पाणी दिलं. निंबाजीने विचारलं, "माघारी जायचं, हे नक्की ना? व्यापाऱ्याची माफीही?"

"नक्की. दोन्ही नक्की."

निंबाजी उठला. म्हातारपणी त्याला घाट उतरणं जड जात होतं. राजाने त्याला आपला हात दिला. उताराशी येऊन निंबाजी हात मोकळे ठेवून पाण्यात शिरला. पलीकडून खालचा राजाही पाण्यात आला. गुडघाभर पाण्यात दोघे म्हातारे समोरासमोर उभे राहिले.

"निंबाजी, हे खरंच परत जाणार?"

"खरंच जाणार. आणि त्या व्यापाऱ्याची माफीही मागणार."

"बरं." राजाने मागे वळून हात वर केला. त्याच्या काठावरचे भाले खाली झाले. मग वरच्या काठावरचेही झाले.

शिपायांनी व्यापाऱ्याची माफी मागितली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा राजाही वाकला. बैल पुन्हा घाट चढू लागले. त्या रात्री डोंगरावर कुणाच्याही ताटात काही उरलं नाही. राजाने मोहर निंबाजीच्या हातात परत दिली आणि नव्या दूताला त्याच्या हाताखाली शिकायला धाडलं. निंबाजी आणि गिरजा पुन्हा समुद्राकाठच्या आपल्या घरी राहायला गेले, आणि निंबाजी होता तोवर त्या नदीवर सैन्य उतरलं नाही.

तात्पर्य: जो एरवी खोटं बोलत नाही, त्याच्याच शब्दावर संकटात लोक शस्त्र खाली ठेवतात.