मंजुळाने पत्र पुरतं वाचलं

ज्या काळी रानातली पिल्लंही शाळेत जात, त्या काळी सातवीच्या वर्गाची उजळणी चालली होती. साळिंदराची लेक मंजुळा अडखळत, बोट ठेवून वाचायची. वर्गातला हुशार पोपट राघू हसायचा, "अगं, तुझा धडा संपेपर्यंत आमची आठवी होईल!" मंजुळा बिचारी मान खाली घालायची.

उन्हाळ्यात ओढा आटला. तेवढ्यात पलीकडच्या रानातून हरणांचं पत्र आलं. राघूने पहिली ओळ भरकन वाचली, "आमच्या डोहाचं पाणी थंडगार आहे!" आणि पत्र टाकून तो उडालाच. तहानलेली पिल्लं त्याच्यामागे धावत सुटली.

मंजुळाने पत्र उचललं. अडखळत ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "थांबा रे! पुढे लिहिलंय, डोहात मगर आली आहे. वरच्या झऱ्यावर या!"

सगळे जागच्या जागी थबकले. राघूचा चेहराच उतरला. मंजुळा त्याच्यासह सगळ्यांना घेऊन झऱ्याकडे निघाली.

पिल्लं पोटभर पाणी प्यायली. राघूने हरणांना आभाराचं पत्र लिहिलं आणि ते मंजुळापुढे धरून तो हळूच म्हणाला, "बघ ना गं, काही राहिलंय का?"