शववाहिनीच्या पानावरची ओळ

संकेतस्थळे बांधता बांधता केस पांढरे झालेल्या एका गुरुजींकडे निनाद नावाचा शिष्य होता. पोरगा हुशार, पण एक काम दोनदा करायचे म्हटले की त्याच्या कपाळावर आठी उमटे. गावातल्या एका सेवासंस्थेला आपल्या संकेतस्थळावर बातमीपत्राची नोंदणी हवी होती. निनादने पानागणिक वेगळी चौकट लिहिण्याच्या भानगडीत न पडता एकच सुबक चौकट घडवली. ई-मेलसाठी जागा, नोंदणीचे बटण आणि खाली आर्जवी ओळ : 'पुन्हा नक्की या, आम्ही वाट पाहतो!' वाचनालय, व्यायामशाळा, शववाहिनी, सगळ्या पानांवर त्याने तीच बसवली आणि स्वारी स्वतःवर खूश झाली.

काही दिवसांनी गुरुजी त्याला एका गृहस्थांच्या घरी भेटायला घेऊन गेले. त्या गृहस्थांची तरुण मुलगी नुकतीच गेली होती. दोघे बराच वेळ त्यांच्याजवळ बसले. मग गुरुजी उठले आणि निरोपाचा शब्दही न उच्चारता चालू लागले. एरवी चहाच्या टपरीवरूनही 'येतो' म्हटल्याशिवाय न हलणारा हा माणूस! निनादला मेल्याहून मेल्यासारखे झाले. निदान आपण तरी 'येतो' म्हणावे म्हणून त्याने तोंड उघडले, तोच गुरुजींनी त्याचा हात घट्ट दाबला.

बाहेर आल्यावर त्याने विचारले, "गुरुजी, असे न बोलता कसे निघालात?"

"दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणू नये, निनाद. अशा कारणासाठी तिथे पुन्हा येणे कुणाला हवे असते? तेही आपल्याला 'या' म्हणाले नाहीत." गुरुजी थांबले. "मुलीसाठी गाडी त्यांनी तुझ्याच पानावरून मागवली होती. गाडी कधी येईल ते वाचले, आणि त्याखालची तुझी ओळही वाचली."

निनादने मागे वळून त्या घराकडे पाहिले.

"चौकट एकदा घडवून सगळीकडे वापरावी, मीही वापरतो. पण आतल्या शब्दांना प्रत्येक दारात विचारावे लागते, 'बाबांनो, इथे तुम्ही चालाल का?'"

"मी परत जाऊन क्षमा मागू?"

"आज नको. तुला क्षमा करण्याचे ओझे आज त्यांच्यावर नको."

निनादने घरी जाताच शववाहिनीच्या पानावरची ती ओळ काढली. केलेल्या कामाची त्याला मनापासून लाज वाटत होती. दुरुस्त केलेले पान त्या गृहस्थांनी एकदा तरी पाहावे, असे त्याला फार वाटले. मग ते पान उघडण्याची वेळ माणसावर कधी येते, हे त्याच्या ध्यानात आले; आणि त्यांनी ते कधीही पाहू नये, अशी त्याने हात जोडून प्रार्थना केली.